मौनाचे दार बंद करू नका : अमेरिकेतील कॅथलिक बिशप महोदयांस खुले पत्र

आदरणीय बिशप महोदय,

जय ख्रिस्त.

गेल्या उपवासकाळातील एका रविवारी आमच्या धर्मग्रामात मिस्सा संपण्यापूर्वी एक सूचना वाचून दाखवण्यात आली. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता चर्चच्या सभागृहात होणारी मौन प्रार्थना यापुढे होणार नाही, कारण तिच्यावर पौर्वात्य आणि विशेषतः बौद्ध ध्यानपद्धतीची छाया पडली आहे, असा त्या सूचनेचा आशय होता. ती वाचायला एक मिनिटही लागले नाही. आम्ही चौदा जण नऊ वर्षे त्या सभागृहात बसत आलो होतो. सूचनेपूर्वी आमच्यापैकी एकालाही बोलावून काही विचारले गेले नव्हते. नंतर मी चौकशी केली तेव्हा 'वरून आलेले धोरण' एवढेच उत्तर मिळाले. धोरण वरून येत असेल तर गाऱ्हाणेही वरच घातले पाहिजे, म्हणून हे पत्र एका धर्मगुरूला किंवा एका बिशपांना न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे. याची इंग्रजी प्रत स्वतंत्रपणे पाठवली आहे. मूळ पत्र मराठीत आहे, कारण मी प्रार्थना करायला मराठीत शिकले, आणि ज्या धर्माबद्दल इथे बोलायचे आहे त्याची माझी पहिली ओळखही मराठी मुलखातच झाली.

मी वसईची. सोपाऱ्याच्या पलीकडे आमची वाडी, वाडीत केळी आणि पानवेली, मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. संध्याकाळी देवदूताची घंटा झाली की आजी हातातले काम तिथेच ठेवून उभी राही आणि तिच्याबरोबर आम्हीही. वाडीपासून थोड्या अंतरावर एक मातीचा उंचवटा होता, त्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. तो खरे तर बौद्ध स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटीत अस्थिकरंडक आणि बुद्धांच्या लहान मूर्ती मिळाल्या. शाळेतल्या बाईंनी आम्हाला तिथे नेऊन सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली होती. तो भिक्खू होऊन आपल्या मुलखात परत यायला निघाला, तेव्हा बुद्धांनी त्याला विचारले की तिथले लोक तापट आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर काय करशील? मारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा समजेन, असे तो म्हणाला. आणि मारले तर? ठार केले नाही, हा त्यांचा चांगुलपणा समजेन. एका गालावर मारले तर दुसराही पुढे करा, ही येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली शिकवण आम्ही त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली होती. त्यामुळे बौद्ध धर्म हे ख्रिस्ती माणसाला धोक्याचे ठिकाण आहे, असे मला लहानपणी कधी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. माझी श्रद्धा मात्र ख्रिस्तावर आहे. ती कधी डळमळलेली नाही. हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढच्या मजकुराचा गैरसमज होणार नाही.

आमच्या मंगळवारच्या प्रार्थनेत काय होत होते तेही सांगते, कारण सूचना लिहिणाऱ्यांनी ते पाहिलेले नाही. सभागृहातल्या घडीच्या खुर्च्या गोल मांडायच्या, मधे एक मेणबत्ती. कोणीतरी येत्या रविवारच्या शुभवर्तमानातील चार-पाच ओळी सावकाश वाचायच्या. मग घंटा, पंचवीस मिनिटे मौन, पुन्हा घंटा, आणि सर्वांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील बापा'. दोघी जणी खाली उशीवर बसत, कारण त्यांना खुर्चीत पाठ दुखण्याचा त्रास होता. उशी आणि घंटा या दोन्ही गोष्टींचा सूचनेत उल्लेख होता. ती घंटा पितळेची, मुठीएवढी, मी वसईहून आणलेली. महोदय, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आमच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. गेली पावणेतीनशे वर्षे त्या तिथल्या भाविकांना देवापुढे उभे करत आहेत. आमच्याकडे कोणी असे म्हणत नाही की त्या घंटांनी देवळे ख्रिस्ती झाली.

आता माझे वैयक्तिक दुःख. माझी मुलगी इथेच वाढली, दृढीकरणाचा संस्कार झालेली, चर्चच्या गायकवृंदात गाणारी. तेविसाव्या वर्षी तिची जिवलग मैत्रीण अपघातात गेली. मुलगी धर्मगुरूंकडे गेली, त्यांनी तिला सहानुभूतीने ऐकून घेतले आणि प्रार्थना कर असे सांगितले. प्रार्थना कशी करू, डोळे मिटले की तो रस्ताच दिसतो, असे तिने विचारले तेव्हा त्यांच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. काही महिन्यांनी ती आमच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शेलबर्नच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांसाठी गेली. गोयंका गुरुजींच्या परंपरेतले उत्तर अमेरिकेतील ते पहिले केंद्र, १९८२ सालचे. परत आल्यावर स्वयंपाकघरात बसून ती बराच वेळ चहाचा कप नुसता धरून होती. मग म्हणाली, "आई, तिथे मला कोणी काही विचारलं नाही. कसं बसायचं, श्वास कुठे बघायचा, रडू आलं तर काय करायचं, एवढंच सांगितलं." ज्या ध्वनिमुद्रित आवाजाने तिला ते सांगितले तो गोयंका गुरुजींचा, त्यांच्या केंद्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या इगतपुरीचा होता, आमच्या वसईहून कसाऱ्याचा घाट चढले की येणाऱ्या गावचा. आता ती रविवारी मिस्साला येत नाही. तिने बुद्धाला शरण जाण्याचा विधी केलेला नाही, स्वतःला बौद्ध म्हणवतही नाही. अमेरिकेत तसे म्हणवणारे शंभरात जेमतेम एक. पण तिच्यासारखे, चर्चमधून उठून ध्यानाच्या उशीवर जाऊन बसलेले, कितीतरी आहेत, आणि आपल्या धोरणाचा रोख त्यांच्यावरच आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, आपल्या लोकांपुढे ख्रिस्तसभेची शिकवण अर्धीच ठेवली जात आहे. सूचनेत व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाच्या १५ ऑक्टोबर १९८९ च्या पत्राचा आधार दिला होता. ते पत्र मी वाचले आहे. प्रार्थना ही तंत्र नाही, ती देवाशी भेट आहे. शरीराच्या आसनाला किंवा मनाच्या शांततेला पवित्र आत्म्याचे दान समजू नये. ध्यानात मनुष्य स्वतःतच अडकून पडू शकतो, असे इशारे त्यात आहेत, आणि ते मला मान्य आहेत. परंतु त्याच पत्राच्या सोळाव्या परिच्छेदात असेही म्हटले आहे की, हे मार्ग ख्रिस्ती नाहीत एवढ्याच कारणाने ते झिडकारू नयेत. ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळले जाणार नाही अशा बेताने त्यांतले उपयुक्त ते घेता येते. अठ्ठाविसाव्या परिच्छेदात तर अख्रिस्ती धर्मांतील अस्सल ध्यानपद्धती आजच्या दुभंगलेल्या, दिशाहीन माणसाला अंतःशांतीने देवापुढे येण्यास साहाय्यक ठरू शकतात, हे स्पष्ट मान्य केले आहे. या पत्राला आधार आहे तो २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्यात बौद्ध धर्माचा नावाने उल्लेख केला, या बदलत्या जगाचे मूलभूत अपुरेपण तो ओळखतो असे नोंदवले, आणि या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे जाहीर केले. इशारे वाचून दाखवायचे आणि ही वाक्ये गाळायची, हे योग्य नाही. ज्यांनी ते पत्र लिहिले त्यांच्यावरही हा अन्याय आहे.

दुसरी तक्रार बौद्ध धर्माच्या वर्णनाबद्दल आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतवजा पुस्तकात बौद्ध मुक्तिविचार जवळजवळ पूर्णपणे नकारात्मक असल्याचे आणि ती बव्हंशी निरीश्वरवादी व्यवस्था असल्याचे लिहिले. त्या संतपुरुषाबद्दल मला नितांत आदर आहे. १९८६ साली इटलीतल्या असिसीला सर्व धर्मांच्या लोकांना प्रार्थनेसाठी बोलावणारे तेच होते आणि त्या दिवशी दलाई लामाही तिथे होते. तरीही ते शब्द लागले. जानेवारी १९९५ मध्ये ते श्रीलंकेला गेले तेव्हा तिथल्या प्रमुख भिक्खूंनी सर्वधर्मीय भेटीवर बहिष्कार घातला. ते तिथे कशासाठी गेले होते, हे आठवले की मला आजही वाईट वाटते. गोव्याच्या बाणावलीचे फादर जोसेफ वाझ यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यासाठी ते गेले होते. डचांनी सिलोनच्या किनाऱ्यावर कॅथलिकांना उपासनेची बंदी केलेली असताना, १६८७ साली हे फादर मजुराच्या वेषात बेटावर उतरले. त्यांना आणि त्यांच्या लोकांना आश्रय मिळाला तो कँडीच्या राज्यात. तिथल्या बौद्ध राजाने आधी त्यांना हेर समजून कैद केले, परंतु पुढे उपासनेची मोकळीक दिली. देवीच्या साथीत फादर वाझ यांनी रोग्यांची सेवा केली ती सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. १७११ साली कँडीतच त्यांनी देह ठेवला. एका बौद्ध राजाच्या छत्राखाली वाचलेल्या ख्रिस्तसभेच्या या प्रेषिताचा गौरव होत होता आणि त्याच दिवसांत बौद्ध धर्मगुरू आपल्याकडे पाठ फिरवून बसले होते. वीस वर्षांनी पोप फ्रान्सिस कोलंबोला गेले, फादर वाझ यांना संतपद दिले आणि शहरातल्या एका बौद्ध विहारालाही भेट दिली. ती भेट मला फार मोलाची वाटते.

'नकारात्मक' या शब्दाबद्दल आणखी थोडे. आमच्या रुग्णालयात माझ्याबरोबर काम करणारी एक परिचारिका नागपूरची आहे. तिच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर दीक्षा घेतली. मी तिला सूचनेबद्दल सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ताई, देव मानत नाही हे खरंच आहे, ते आम्ही लपवत नाही. पण जगाकडे पाठ फिरवली म्हणता ते कोणाबद्दल? आजोबा दीक्षा घेऊन आले ते पोरींना शाळेत घालायला." बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले, आणि धम्माची कसोटी माणसामाणसांतील वागणुकीवर लावली. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी जो धर्म माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी स्वीकारला, त्याला संसारापासून पळ काढण्याची शिकवण म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. पश्चिमेकडच्या ध्यानकेंद्रांनाही या इतिहासाची फारशी ओळख नाही, हे खरे. परंतु धर्मांवर मत देणाऱ्या ख्रिस्तसभेकडून अधिक जाणून घेण्याची अपेक्षा आहे.

तिसरी गोष्ट. जे लोक तिकडे जातात ते सुखासीनतेसाठी जातात, असा समज आपल्या अनेक प्रवचनांतून डोकावतो. १९९७ साली कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी एका फ्रेंच साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत याच अर्थाचे विधान केले होते : ठोस धार्मिक बंधने न पाळता अनंताला स्पर्श केल्याचे समाधान मिळते, म्हणून बौद्ध धर्म आकर्षक वाटतो. दुकानात विकल्या जाणाऱ्या किंवा मोबाइलवरच्या ध्यानाबद्दल हे खरे असेल, आणि तिथे आपण इशारा द्यावा. पण माझी मुलगी ज्या शिबिराला गेली तिथे पहाटे चारला घंटा होते, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत इतर साधकांशी एक शब्द बोलायचा नाही, दिवसाचे दहा तास बसायचे, संध्याकाळी जेवण नाही, फोन नाही, पुस्तक नाही. तरुण मुले रजा काढून तिथे जातात. त्यांना बंधने नको आहेत असे कसे म्हणावे? आपण त्यांच्याकडून फार थोडे मागितले, असे मला वाटते.

आणि त्यांच्या जाण्याची कारणे शोधताना आपल्या घरातले कारण वगळता येणार नाही. २००२ साली बॉस्टनमध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते कसे दडपले गेले हे उघड झाले, आणि वर्षअखेरीस बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. या राज्यातल्या एका संपूर्ण पिढीने 'आमचे ऐका' असे म्हणणाऱ्या आवाजावरचा विश्वास गमावला. बौद्ध केंद्रेही निष्कलंक नाहीत. पश्चिमेतल्या काही नामवंत बौद्ध गुरूंवर असेच आरोप झाले आहेत. पण त्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही.

चौथी तक्रार अशी की, आपल्याच घरात असलेला ठेवा आपण लोकांना दाखवत नाही. इथून जवळच स्पेन्सरला ट्रॅपिस्ट, म्हणजे मौनाला महत्त्व देणाऱ्या कॅथलिक संघाच्या, साधूंचा मठ आहे. १९७६ साली शेजारच्या बॅरी गावी, पूर्वी कॅथलिक धर्मसंघाच्या असलेल्या इमारतीत, विपश्यना शिकवणारी एक संस्था सुरू झाली. वाट चुकलेली तरुण मुले मठाच्या दारात येऊन त्या केंद्राचा रस्ता विचारू लागली, आणि त्यांतली बरीच कॅथलिक घरांतली होती. त्या साधूंनी मुलांना दोष दिला नाही. फादर टॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला विचारले की, ही मुले जे शोधत आहेत ते आपल्याकडे नाही का? चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज साधकाच्या ग्रंथातून त्यांनी मौन प्रार्थनेची साधी रीत सामान्य माणसांसाठी मांडली. आम्ही मंगळवारी करत होतो ती हीच रीत, बौद्ध पद्धत नव्हे. ती आमच्याकडे मठातून आली, आणि मठात ती वाळवंटातल्या जुन्या ख्रिस्ती साधकांच्या परंपरेतून आली.

बौद्धांकडून थेट शिकलेलेही आपल्यात होऊन गेले. हिरोशिमाच्या अणुस्फोटातून वाचलेले जेझुइट (येशूसंघी) फादर लासाल झेन ध्यानाला बसत आणि अखेरपर्यंत जेझुइटच राहिले. अमेरिकेतले ट्रॅपिस्ट लेखक टॉमस मर्टन १९६८ साली धरमशालेला दलाई लामांना भेटले आणि त्याच प्रवासात बँकॉकजवळ वारले, तेव्हा ते ट्रॅपिस्ट साधूच होते. मुंबईत जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी लोणावळ्याच्या साधना संस्थेतून कित्येक धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना शांत बसायला शिकवले. त्यांच्या काही मतांबद्दल १९९८ साली, ते जाऊन अकरा वर्षे झाल्यावर, इशारा निघाला. त्या मतांची तपासणी करण्याचा आपला अधिकार मी नाकारत नाही. पण आमच्या वसईच्या घरी त्यांची पुस्तके आजीच्या प्रार्थनापुस्तकाशेजारी असत, आणि त्या पुस्तकांनी आमच्या घरातले कोणी चर्चबाहेर गेले नाही.

एक गोष्ट जाता जाता. रोमन हुतात्मा-सूचीत, म्हणजे चर्चच्या संतांच्या अधिकृत यादीत, २७ नोव्हेंबरला बर्लाम आणि जोसाफत या संतांची नावे शतकानुशतके होती. राजवाडा सोडून गेलेल्या जोसाफत राजपुत्राची ती कथा मुळात बुद्धांची, आणि 'जोसाफत' हा 'बोधिसत्त्व' शब्दाचाच बदललेला उच्चार. गोव्यात राहिलेल्या दियोगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराने कान्हेरीच्या लेण्यांविषयी लिहिताना चारशे वर्षांपूर्वीच हे साम्य टिपले होते. नकळत का होईना, आपल्या पूर्वजांनी त्या राजपुत्राच्या वैराग्यापुढे हात जोडले होते.

यावरून माझ्या मागण्या सांगते. आमच्या धर्मग्रामातील मौन प्रार्थनेवरची बंदी मागे घ्यावी. आपण नेमलेल्या धर्मगुरूंनी किंवा धर्मभगिनींनी येऊन तिची पाहणी करावी, चुकत असेल तिथे सुधारावे. देखरेखीला आमची हरकत नाही, उलट आम्ही तिची वाट पाहतो. १९८९ च्या पत्राचा आधार जिथे घेतला जाईल तिथे सोळावा आणि अठ्ठाविसावा परिच्छेदही लोकांसमोर वाचला जावा. दृढीकरणाच्या वर्गांत बौद्ध धर्म शिकवताना एखाद्या बौद्ध व्यक्तीला बोलावून तिच्या तोंडून तो ऐकावा, आणि त्यात आंबेडकरी बौद्धांचाही विचार व्हावा. ते या देशात आहेत आणि बोलावल्यास येतील. दर वैशाख पौर्णिमेला व्हॅटिकनकडून बौद्ध बांधवांना शुभेच्छासंदेश जातो, तो आमच्या धर्मग्रामात मी एकदाही ऐकलेला नाही. तो रविवारी वाचला जावा. प्रत्येक धर्मप्रांतात निदान काही धर्मगुरूंना मौन प्रार्थना शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळावे, म्हणजे डोळे मिटल्यावर रस्ता दिसणाऱ्या मुलीला 'प्रार्थना कर' यापलीकडे काही सांगता येईल. आणि शेवटचे, जे मिस्सा सोडून ध्यानकेंद्रांकडे गेले आहेत त्यांच्यासाठी आपण एक दिवस काढावा, त्यांना परत आणण्यासाठी नव्हे, नुसते ऐकण्यासाठी. माझी मुलगी येईल. मी तिला विचारले आहे.

सध्या आम्ही मंगळवारी सात वाजता माझ्या घरी बसतो. बैठकीत दहा खुर्च्या मावतात, बाकीचे जिन्यावर. घंटा तीच आहे. आपले उत्तर येईपर्यंत आम्ही तिथेच जमू, आणि आपल्यासाठी प्रार्थना करू.

आपली नम्र,
वसईची एक कॅथलिक परिचारिका
मॅसॅच्युसेट्स